फायात न आलेली रेमे

दिवेवाल्यांच्या गल्लीत रेमेदियोसला कधी कुणी नावं ठेवली नाहीत, आणि हेच तिचं आयुष्यभराचं दुखणं होतं.

व्हॅलेन्सियातल्या दुसऱ्या बायका लोक हसले म्हणून रडतात. रेमेचं सगळंच उलटं. मार्च महिना लागला की गल्लीच्या तोंडाशी फाया उभा राही. दुमजली घराएवढा लाकडी सांगाडा आणि त्यावर रंगीबेरंगी पुतळ्यांचा डोलारा. त्यात मंत्री असत, महापौर असत, फुटबॉलवाले असत, आणि सगळ्यांची यथेच्छ टर उडवलेली असे. पण गल्लीचं लक्ष त्या बड्या धेंडांकडे नसेच. खालच्या अंगाला, डाव्या कोपऱ्यात, दरवर्षी गल्लीतलंच एखादं माणूस बसवलेलं असे. वर्षभरात ज्याने काही गाढवपणा केला असेल त्याचा पुतळा, आणि खाली चार ओळींची खवचट कविता. चार दिवस सगळा गाव येऊन त्याला हसून जाई आणि एकोणीस मार्चला, संत योसेफच्या रात्री, सगळ्याला एकदम काडी लावत. ज्याचा पुतळा झाला असेल तो माणूस ते चार दिवस मुलीचं लग्न ठरल्यासारखा मिरवत असे.

रेमेच्या घरातले सगळे फायात येऊन गेले होते. वडील आले, मोठ्या मिस्सेत धर्मगुरूंच्या प्रवचनापेक्षा मोठ्याने घोरले म्हणून. आई आली, मिठाऐवजी साखर घालून अख्ख्या गल्लीचा भात नासवला म्हणून. नवरा ओनोफ्रे गवंडी. तो तर असा आला की लोक अजून आठवण काढतात: चर्चच्या मागची भिंत लिंपताना त्याने पाद्रीबुवांचं मांजर आतच चिणून टाकलं, आणि भिंत म्याँव करते म्हणून दोन म्हाताऱ्या गुडघ्यांवर बसून प्रार्थना करू लागल्या. मांजर सुखरूप निघालं. ओनोफ्रेचा पुतळा मात्र असा झकास झाला होता की त्याने त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढला आणि तो पलंगाच्या वर टांगला. रोज सकाळी डोळे उघडले की रेमेला आधी तो फोटो दिसे.

रेमे एकटीच राहिली होती. ती कोपऱ्यावर भोपळ्याचे बुन्योल तळायची. आईची कढई, आईची जागा. पिठाचा गोळा ओल्या हातावर घ्यायचा, अंगठ्याने मधोमध भोक पाडायचं आणि अलगद तेलात सोडायचा. फुगून कडं झालं की साखरेत घोळवून द्यायचा. तिचं पीठ कधी आंबट झालं नाही. तेल कधी करपलं नाही. तिने कुणाशी भांडण उकरलं नाही, कुणाच्या दारात चुकून गेली नाही, नवऱ्याला सोडून तर नाहीच नाही. एकदा तिने न राहवून ओनोफ्रेला विचारलं, "मला का घेत नसतील रे फायात?"

तो बिचारा बूट काढत होता. "तुझ्यात हसण्यासारखं आहे काय?" तो म्हणाला.

त्याला वाटलं आपण बायकोचं कौतुक केलं. रेमे दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि का बोलत नाही हेही त्याला कळलं नाही.

हे सगळं तिने सोसलं असतं. पण समोर फिलो राहत होती ना!

फिलोमेना म्हणजे फिलो, रेमेच्या खिडकीच्या बरोबर समोरच्या सज्ज्यातली. दोघी एका बाकावर शिकल्या. लहानपणी मुलांच्या फायाची राणी निवडायची होती तेव्हा फिलोला निवडलं, आणि रेमेला तिच्या रेशमी घागऱ्याचं टोक चिखलात लागू नये म्हणून मागून धरायला ठेवलं. तेव्हापासून रेमेला वाटे की आपण अजून ते टोक धरूनच चाललो आहोत. फिलो फायात किती वेळा आली याचा हिशेब गल्लीनेही सोडून दिला होता. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर नोटरीच्या कारकुनाला उभं करून ती बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याबरोबर पळून गेली, त्या वर्षी आली. त्याच ट्रम्पेटवाल्याशी लग्न करून सुखाने संसार केला, तरी आली. नवरा गेल्यावर त्याची गाडी चालवायला शिकली आणि पहिल्याच दिवशी चौकातल्या कारंज्यात घातली, तेव्हाही आली. पुढे पोपट पाळला. तो पाद्रीबुवांच्या आवाजात पापाची कबुली मागायला लागला. मग काय विचारता, त्या वर्षी पोपटही आला आणि फिलोही.

अलीकडे तर पाहुण्यांना गाव दाखवणाऱ्या पोरीसुद्धा छत्री उंच धरून घोळके गल्लीत आणू लागल्या. "आणि हा आमच्या फिलोबाईंचा सज्जा!" असं म्हणताच वर कॅमेरे रोखले जात. फिलो झोपेच्या झग्यात बाहेर येई आणि राणीसारखा हात हलवी. कुणीतरी जर्मन बाई रेमेच्या गाड्यापाशी थांबे. रेमे घाईघाईने साखरेचा हात पुसून पुढे येई. आणि बाई विचारी, "फिलोचं घर कुठलं?"

रेमे बोटाने दाखवी. तेवढ्यावर ते बोट कापून टाकावं असं तिला वाटे.

तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. एका वर्षी डोईचे केस वांग्याच्या रंगाचे करून घेतले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "शोभतंय गं तुला, आम्हालाही पत्ता दे." दुसऱ्या वर्षी तिने मासळीबाजारात चक्क भांडण काढलं, हात नाचवून, आवाज चढवून. मासळीवाला इतका घाबरला की त्याने माफी मागितली आणि वर मूठभर बांगडे फुकट दिले. "रेमेमावशी ओरडल्या म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. चांगुलपणा असा अंगाला चिकटला होता की घासून निघत नव्हता.

मग संध्याकाळी गाडा आवरला की ती खिडकीत बसे. पडदा बोटभर बाजूला सारायचा आणि समोर बघायचं. फिलोकडे कोण आलं, फिलो काय नेसली, फिलो का हसली. समोर हशा पिकला की हिच्या अंगाचा तिळपापड होई. ओनोफ्रे म्हणे, "जेवायला चल, ताट थंड झालं." ती म्हणे, "डास आलेत का ते बघतेय."

अशातच गेल्या जानेवारीत ती बातिस्तेच्या कारखान्यात गेली. बातिस्ते आमच्या गल्लीचा फाया करतो. त्याचा बापही तेच करायचा. रेमेने सोबत बुन्योलची पुडी घेतली होती. तिचा मनसुबा साधा होता: जमलं तर सहज, बोलता बोलता, आपल्याबद्दल काहीतरी गाढवपणाची गोष्ट त्याच्या कानावर घालायची. येताना तिने एक रचूनही ठेवली होती.

कारखान्यात रंगाचा वास कोंदला होता. बातिस्ते शिडीवर चढून महापौरांच्या पोटाला घासकागद मारत होता. "या मावशी, या! बसा कुठेतरी. पण महापौरांवर नको, ओले आहेत."

रेमे बसली नाही. कारण टेबलावर दोन मुंडकी ठेवलेली तिला दिसली. एकावर फडकं टाकलेलं होतं. दुसरं उघडं होतं: लांब नाक, नाकाच्या शेंड्याजवळचा तीळ, आणि सगळ्या जगाला डोळा मारणारं ते हसू. फिलो. परत फिलो!

रचलेली गोष्ट ती विसरून गेली. शेजारचं फडकं उचलून बघावं हेही तिला सुचलं नाही. तिचे डोळे त्या तिळावरून हलायलाच तयार नव्हते.

"यंदाही का रे हिलाच?" तिने विचारलं.

"तिच्याइतकं बोलकं तोंड दुसरं नाही मावशी. आणि यंदाचा कोपरा असा जमलाय म्हणून सांगू! पण सांगणार नाही. मांडणीच्या दिवशी बघा."

"बघेन की." रेमेने पुडी टेबलावर ठेवली. आणि मग तिच्या तोंडून, अगदी गोड आवाजात, ते निघालं. "पण बातिस्ते, एक सांगू का? तिला सांगू नकोस मी बोलले म्हणून. फिलोला यंदा नको वाटतंय रे. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, ती अजून आतून सावरली नाही. परवा माझ्यापाशी रडत होती. म्हणे, सगळा गाव मला हसतो, आता पुरे. तुला सांगायला तिला अवघड जातंय."

बातिस्ते शिडीवरून खाली उतरला. हातातला कागद त्याने खिशात कोंबला. "फिलोमावशी? रडत होत्या?"

"मलासुद्धा आधी खरं वाटलं नाही."

"अरे देवा." तो त्या मुंडक्याकडे बघत राहिला. "मग अख्खा कोपराच बदलायला हवा."

"बदल बाबा. माणसाचं मन मोठं, का पुतळा?" रेमे म्हणाली आणि घरी आली. येताना वाटेत तिला कित्येक वर्षांनी गुणगुणावंसं वाटलं.

फेब्रुवारीत तिला ताप आला. फिलो पातेलंभर रस्सा घेऊन आली, उशाशी बसली, आणि तिने ओनोफ्रेला भांडी घासायला लावली. रेमे तो रस्सा भिंतीकडे तोंड करून प्यायली; ताप होताच म्हणा. फिलो मात्र कधी नव्हे ती गालातल्या गालात हसत होती.

"लवकर बरी हो गं बाई," ती म्हणाली. "मांडणीच्या सकाळी आपण दोघी मिळून बघायला जायचं. यंदा मज्जा आहे."

"कसली मज्जा?"

"ते तेव्हाच कळेल!"

हिला माहीत आहे, रेमेने मनात म्हटलं. स्वतःचा पुतळा यंदाही होणार हे हिला ठाऊक आहे, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून ही मिरवतेय. एवढा वेळ मनाच्या कोपऱ्यात जी काही टोचणी होती ती तिथेच संपली.

सोळा मार्चच्या सकाळी गल्ली फटाक्यांनी दणाणून उठली. रेमेने कढई आधीच चढवली होती. रात्रभर मंडळाच्या पोरांनी दोर ओढून फाया उभा केला होता; आता ती पोरं कोको पीत भिंतीला टेकून पेंगत होती. रेमेने पिठात हात घालण्याआधी डाव्या कोपऱ्याकडे एक नजर टाकली. तिथे एक लठ्ठ पाहुणा बसवला होता, उन्हाने शिजलेल्या कोळंबीसारखा लाल, दोन्ही हातांत सुटकेस, पायात मोजे आणि सपाता. नाक नाही, तीळ नाही, डोळा मारणं नाही. रेमेच्या छातीवरचं एक जुनं ओझं उतरलं. त्या सकाळी तिचे बुन्योल असे फुगत होते की पाहुणे रांगेतच त्यांचे फोटो काढायला लागले.

फिलो खाली आली. झग्यावर शाल, केस तसेच. तिने फायाला एक फेरी मारली. थांबली. पुन्हा एक फेरी मारली, या वेळी वाकून, पुतळ्यांच्या मागेसुद्धा डोकावून. मग ती गाड्यापाशी आली.

"नाहीये गं," ती म्हणाली.

"काय नाहीये?" रेमेने झारा हलवत विचारलं.

"आपण."

रेमेला वाटलं, ही नेहमीसारखी स्वतःला बहुवचन लावतेय. राणीच ती. "अगं असू दे गं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, आणि तो सूर काढताना तिला आतून इतकं सुख होत होतं की स्वतःचीच थोडी लाज वाटली. "एखाद्या वर्षी दुसऱ्यालाही मिळायला हवं. इतकी वर्षं तूच तर होतीस. हे घे, गरम आहे."

फिलोने बुन्योल हातात घेतला, पण खाल्ला नाही. तेवढ्यात बातिस्ते आला, डोळे तांबारलेले, कपड्यांवर रंगाचे ओघळ. फिलोला बघताच त्याने टोपी काढली.

"फिलोमावशी, आता बरं वाटतंय ना? मला आधी कळलं असतं तर मी विषयसुद्धा काढला नसता."

"मला काय झालंय रे मेल्या?"

"तुमचं ते… काकांचं. लोक हसतात म्हणून तुम्ही रडत होतात म्हणे." तो घुटमळला आणि त्याने रेमेकडे बघितलं. "रेमेमावशींनी सांगितलं म्हणून मी कोपरा काढला. मंडळालाही तेच कळवलं."

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. भिंतीला टेकलेली पोरं जागी झाली. रेमेच्या हातातला गोळा तसाच हातात राहिला.

"मी? रडत होते?" फिलो म्हणाली. "मी तर नवऱ्याच्या दफनालाही ट्रम्पेट वाजवायला लावलं होतं." मग ती हळूच रेमेकडे वळली. "तू सांगितलंस असं?"

कढईतला बुन्योल काळा पडला तरी रेमेचं लक्ष नव्हतं.

बातिस्तेला मात्र थांबवणार कोण! रात्रभर न झोपलेला माणूस, तो बोलतच सुटला. "आणि जमला होता हो कोपरा! एका बाजूला तुम्ही सज्ज्यात, हात हलवताय. समोर खिडकी, पडदा बोटभर बाजूला, आणि मागे रेमेमावशी. चेहरा हेव्याने मस्त हिरवा केला होता. हातात झारा, आणि कढईतून धूर निघतोय तरी यांचं लक्ष तुमच्याकडेच! माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. पण फिलोमावशी नाहीत म्हटल्यावर त्या खिडकीला अर्थ काय? दोन्ही मुंडकी कारखान्यात पडून आहेत. फडक्याखाली."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मासळीवाल्याने गुडघ्यावर थाप मारली. बघता बघता सगळी गल्ली हसत सुटली, पोरं, म्हाताऱ्या, खिडक्यांतले लोक, आणि काय झालं ते न कळलेले पाहुणेसुद्धा. सगळ्यांना ठाऊक होतं. तो पडदा, ती बोटभर फट, ते डास. इतकी वर्षं ती समजत होती की आपण कुणाला दिसत नाही, आणि गल्लीला ती रोज संध्याकाळी दिसत होती.

हेच तर तिने आयुष्यभर मागितलं होतं, की लोकांनी आपल्याकडे बघून हसावं. पण हे तसं नव्हतं. पुतळा असता तर चार दिवस हसून लोकांनी तिचा हेवा तिच्या हिरव्या तोंडासकट जाळून टाकला असता, आणि वीस तारखेला ती झाडू घेऊन राख लोटायला निघाली असती, ओनोफ्रे त्याच्या वर्षी निघाला होता तशी, मान ताठ करून. आता हे जाळणार कसं? हे खोटं तिने स्वतः बोललेलं होतं, त्यात लाकूडही नव्हतं आणि रंगही नव्हता.

हशा ओसरला तशी फिलो गाड्याच्या आतल्या बाजूला आली. तिने करपलेला बुन्योल काढून फेकला आणि आच कमी केली.

"मीच सांगितलं होतं त्याला," ती खालच्या आवाजात म्हणाली. "नाताळात. म्हटलं, बातिस्ते, माझं नाक पुरे झालं, यंदा रेमेला घाल. तिला किती वर्षं हवंय. तो म्हणाला, त्यांच्यात घालण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, माझ्या सज्ज्यात उभा राहा एक संध्याकाळ, मग बोल."

रेमेला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. पण तिला जे वाटलं ते रडण्यासारखं नव्हतंच. तिला वाटलं, म्हणजे मी फायात येणार होते तेही हिच्या वशिल्याने. आणि आता सगळी गल्ली म्हणणार, फिलो किती चांगली. चांगुलपणा एवढी एकच गोष्ट माझी स्वतःची होती, त्यातही ही पुढे निघून गेली. आजही हिचंच नाव.

"मला माफ कर," असं म्हणायला तिने तोंड उघडलं. मग ते मिटून ती झाऱ्याने तेलातला चुरा काढायला लागली.

फिलोने तिच्या गालावरचं पीठ बोटाने पुसलं. "सोड गं. मुंडकी तयार आहेत ना? पुढच्या वर्षी बातिस्तेला सांगू, दोघींना बसवेल."

"दोघींना नको," रेमे म्हणाली. आवाज तिच्या स्वतःच्या ओळखीचा वाटेना. "मला एकटीला बसवायला सांग."

"एकटीला?"

"हो. तू नको तिथे."

फिलो तिच्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती ती. खरोखरच प्रश्न पडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"आणि मग तू बघणार कुणाकडे गं?" तिने विचारलं.

रेमेची नजर समोरच्या रिकाम्या सज्ज्याकडे गेली. रांगेतला एक पाहुणा बोटं वर करून चार बुन्योल मागत होता, आणि ते द्यायला फिलोच पुढे झाली.